मुलांकडे बघून

श्रावणातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर वस्तीवरच्या एका घरी बैठकीला गेले होते. गावात शाळेतल्या बाईंच्या शब्दाला थोडी किंमत असते, म्हणून बोलावणं आलं होतं. घरातली सून महिनाभर माहेरी जाऊन राहिली होती आणि माहेरची माणसं तिला घेऊन आली होती. नांदायला ठेवायची की परत न्यायची, हे ठरवायचं होतं. खरं तर चहा यायच्या आधीच ते ठरलेलं होतं. तिच्या डाव्या मनगटाला प्लास्टर होतं. त्यावर पदर ओढून ती आतल्या दाराशी बसली होती.

"रोजचंच झालंय," एवढंच ती बोलली. मग तिच्याच चुलत्यांनी घसा खाकरला. "भांड्याला भांडं लागतंच, पोरी. कुठल्या घरात लागत न्हाई? दोन लेकरं हायेत पदरात. त्यांच्याकडं बघ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. "बाई, तुमी सांगा की," म्हणून मंडळी माझ्याकडे वळली. आणि मी सांगितलं. "मुलाची शाळा महिनाभर बुडालीय. त्याच्याकडे बघून तरी काहीतरी मार्ग काढा." हे वाक्य मला अजून टोचतं, कारण मी ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

तो मुलगा, माझ्याच दुसरीच्या वर्गातला, तेव्हा दारात होता. बैठकीला आलेल्यांच्या चपलांचा ढीग पडला होता. त्यातून एकेक जोड शोधून तो भिंतीला लागून ओळीनं लावत होता. आधी वडिलांच्या, मग आजोबांच्या, मग पाहुण्यांच्या. एखादी वाकडी दिसली की परत येऊन सरळ करायचा. किती गुणी पोरगं, असं माझ्या मनात आलं आणि मी चहाचा कप उचलला.

त्या खोलीत तासाभरात "पोरांकडं बघ" हे दहा वेळा तरी म्हटलं गेलं असेल. पोराकडे कुणी बघितलं नाही. मीही नाही.

लेकरांकडे बघून नांदतेय, लेकरांकडे बघून गप्प बसले, लेकरांकडे बघून एवढ्या वेळी माफ केलं. आपल्याकडच्या बायकांच्या तोंडी हे वाक्य इतकं रुळलेलं आहे की त्यात आपण काय म्हणतोय हेच कुणाला ऐकू येत नाही. यातलं 'बघून' म्हणजे नक्की काय बघून? मुलाचा कपडालत्ता, शाळेची फी, 'बापाचं नाव', उद्याची सोयरीक. हे सगळं बघितलं जातं. त्याची झोप, त्याचं पोट, त्याचे कान यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या घरात आईला मार पडतो त्या घरातलं मूल त्या मारहाणीतलं दुसरं जखमी असतं. पंचांनी, पोलिसांनी, कोर्टानं आणि आम्ही शिक्षकांनी त्याला तसंच धरलं पाहिजे. ते होत नाही तोवर 'मुलांकडे बघून' हा शब्द फक्त आईचं तोंड बंद करायच्या कामाला येत राहील.

वर्गात ही मुलं कशी दिसतात? सगळ्यात आधी दिसतो तो वांड. खोड्या काढतो, चावतो, दुसऱ्याची कंपासपेटी भिरकावतो. त्याची तक्रार रोज येते, म्हणून तो निदान नजरेत तरी असतो. दुसरा तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपतो. त्याला आपण 'आळशी' म्हणून मोकळे होतो. आणि तिसरं मूल गुणी असतं. फळा न सांगता पुसतं, खिचडीची ताटं गोळा करतं, बाईंचा चेहरा जरा उतरला की बाकीच्यांना गप्प करतं. या तिसऱ्या मुलाचं आपण कौतुक करतो. घरात कशावरूनही ठिणगी पडू शकते, मीठ कमी पडलं, चप्पल जागेवर नव्हती, तर निदान चपला तरी जागेवर असाव्यात, हा त्या सात वर्षांच्या डोक्यातला हिशेब असतो. तो कळायला मला बरीच वर्षं लागली.

अशा मुलाचा एक अभ्यास मात्र पक्का असतो. बापाच्या गाडीचा आवाज कुठल्या वळणावर येतो, स्टँड एका फटक्यात लागतो की दोन फटके लागतात, कडी कशी वाजते, यावरून आजची रात्र कशी जाणार ते त्याला कळतं. लहान भावंडाला कधी अंगणात न्यायचं, आईचा मोबाईल कुठे लपवायचा, शेजारच्या काकूंना कधी हाक मारायची हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आणि मग सातचा पाढा येत नाही म्हणून आपण त्याला मंद म्हणतो.

यामागे शरीराचं साधं गणित आहे. धोका दिसला की अंगात अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, छाती धडधडते, स्नायू ताठतात. कुत्रं मागे लागलं तर हे कामाचंच आहे. कुत्रं गेलं की सगळं पुन्हा ठिकाणावर येतं. पण कुत्रं जर रोज रात्री आठ वाजता घरीच येत असेल, तर शरीराला ठिकाणावर यायला फुरसतच मिळत नाही. मेंदूचा धोका ओळखणारा भाग सतत जागा राहतो. लक्ष देणं, आठवणं, थांबून विचार करणं ज्या भागाकडे असतं, त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. टेबलावरून डस्टर पडला तर चाळीस मुलं हसतात आणि एक मूल डोक्यावर हात घेतं. त्या एका मुलाला वजाबाकी शिकवायची आहे, हे विसरून चालत नाही.

"अजून लहान आहे, त्याला काय कळतंय!" हे आणखी एक लाडकं वाक्य. अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली सहा महिने ते एक वर्षाच्या झोपलेल्या बाळांना वेगवेगळ्या सुरातले आवाज ऐकवले आणि त्या वेळी मेंदूचं स्कॅन केलं. ज्या घरात आईवडिलांचे खटके जास्त उडत होते, तिथल्या बाळांचा मेंदू रागाच्या सुराला जास्त जोरात प्रतिसाद देत होता. तेही झोपेत. पाळण्यातल्या बाळाला शब्द कळत नाहीत, पण सूर कळतो.

याचा माग पुढे किती लांब जातो, हे एका डॉक्टराला जवळजवळ चुकून सापडलं. अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणाचा दवाखाना चालवत होते. चांगलं वजन उतरत असलेले लोक मधेच उपचार सोडून का जातात, हे शोधताना त्यांना एकामागून एक बालपणीच्या अत्याचारांच्या कहाण्या ऐकू आल्या. मग १९९५ ते १९९७ या काळात दुसरे एक डॉक्टर, रॉबर्ट अँडा, यांच्याबरोबर त्यांनी सतरा हजारांहून जास्त प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आणि या यादीत एक प्रश्न हाही होता: आईला मारलेलं पाहिलं का? ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा जास्त प्रकार आले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चारपट ते बारापट निघाला. हृदयरोग आणि फुफ्फुसांच्या आजारांशीही संबंध दिसला. ही माणसं बहुतेक गोरी, शिकलेली, नोकरीला असलेली आणि विमा असलेली होती. गरिबांघरची, झोपडपट्टीतली गोष्ट म्हणून हात झटकणाऱ्यांसाठी हा तपशील मुद्दाम सांगतेय.

आपल्याकडचे आकडेही फार दूर शोधावे लागत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी साधारण चारातल्या एकीनं नवऱ्याची हिंसा सोसली आहे. ही सांगितलेली. हिंसा सोसणाऱ्यांपैकी मदत मागणाऱ्या देशभरात फक्त १४ टक्के. पण मला त्या सर्वेक्षणातला एक वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. नवऱ्यानं बायकोला मारणं कोणत्या कारणासाठी योग्य, असं सात कारणं देऊन विचारलं जातं. देशातल्या ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी निदान एका कारणाला होकार दिला. त्या सातांतलं एक कारण काय आहे? घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष. म्हणजे मुलांकडे बघितलं नाही म्हणून तिनं मार खायचा, आणि मुलांकडे बघून तो सोसायचाही.

मूल मात्र या सगळ्यात फक्त बघ्याच्या जागी राहतं असंही नाही. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. महाराष्ट्र त्यात होता. दर तिघांपैकी दोन मुलांनी मार खाल्लेला होता. कुटुंबात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे आईवडीलच होते. इथे एक अवघड गोष्ट बोलावी लागते: त्यात आईही आहे. रात्री मार खाल्लेली बाई सकाळी डबा भरताना मुलाच्या पाठीत धपाटा घालते, कधी उलथन्याचा चटकाही देते. तिला दोष देणं सोपं आहे. पण तिला वाचवणं आणि मुलाला वाचवणं ही एकच गोष्ट आहे, हे यातून उलट जास्त स्पष्ट होतं.

आपल्या सरकारी खात्याचं नावच 'महिला व बालविकास' आहे. पाटीवर दोघं शेजारी, फायलीत वेगळी. आईची तक्रार कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाते. मुलाचं प्रकरण, गेलंच तर, बालन्याय अधिनियमाखाली बालकल्याण समितीकडे. आईसाठीचा २००५ चा हा हिंसाचाराचा कायदा वाईट नाही. ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे आणि त्यात मुलांसाठी जागा ठेवलेली आहे. कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा आईला मिळू शकतो, बापाची भेट मुलाला घातक वाटली तर कोर्ट ती नाकारू शकतं. पण 'पीडित व्यक्ती' म्हणजे स्त्री. संरक्षण अधिकाऱ्यानं भरायच्या अहवालाच्या छापील नमुन्यात मुलं किती, नाव काय, वय काय, सध्या कुणाजवळ, हे भरलं जातं. त्या मुलाची रात्र कशी गेली, हे सहसा त्या कागदावर येत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या कायद्यानं यात एक फरक केला. घरातली हिंसा जे मूल पाहतं, ऐकतं किंवा तिचे परिणाम भोगतं, ते स्वतःच पीडित मानायचं. ऐकतं, हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे "मुलं आत झोपली होती" हे समर्थन म्हणून सांगतात.

आणि तिथलीच एक अगदी साधी पद्धत आहे. २०११ साली प्लिमथ शहरात एक मुख्याध्यापिका आणि तिचा पोलीस अधिकारी नवरा यांनी मिळून ती सुरू केली. नाव 'ऑपरेशन एनकंपास'. रात्री एखाद्या घरी कौटुंबिक हिंसेसाठी पोलीस गेले आणि त्या घरात शाळेत जाणारं मूल असेल, तर दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत शाळेतल्या एका ठरलेल्या माणसाला तसं कळवायचं. पुढे ती तिथल्या सगळ्या पोलीस दलांत पोहोचली.

हे महाराष्ट्रात का होऊ नये? पोलीस आयुक्तालयात बसून समाजकार्यकर्त्यांनी स्त्रियांना मदत करायची, ही कल्पना आपल्याच मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' काढून प्रत्यक्षात आणली. १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचं 'दिलासा' केंद्र दोन दशकांहून जास्त काळ उभं आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात आणि दवाखान्यात आपण दार उघडलं. शाळेचं तेवढं राहिलं. २०२२ पासून शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी 'सखी सावित्री' समित्या आहेत, बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या फलकापुरत्या. २०२४ ला बदलापूरची घटना झाली आणि शाळाशाळांत सीसीटीव्हीची धावपळ उडाली. लावावेत जरूर. पण ज्या मुलाला धोका घरातच आहे, त्याच्या घराच्या ओट्यापर्यंत कुठला कॅमेरा पोहोचणार?

यावर माझ्या सहकाऱ्यांचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे. आधीच सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची कामं, आता हे पण? तर यात करायचं फार काही नाहीच. मुलाची उलटतपासणी घ्यायची नाही, "काय झालं रे काल?" असं तर चुकूनही विचारायचं नाही. गृहपाठ का नाही म्हणून त्या दिवशी उभं करायचं नाही. तिसऱ्या तासाला झोप आली तर झोपू द्यायचं. खिचडीच्या वेळी जरा शेजारी बसायचं. आणि आठवडाभरात दुसऱ्यांदा निरोप आला, तर पुढे कळवायचं. माझ्या त्या दुसरीतल्या मुलाला मी एका सकाळी शुद्धलेखनाच्या वहीसाठी सगळ्यांदेखत उभं केलं होतं. आदल्या रात्री काय झालं होतं ते गावाला माहीत होतं, मला नव्हतं. कळवणारं कुणी नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. खेड्यातली शाळा म्हणजे गावच. शिक्षकाला कळलं की पाणवठ्याला कळलं, आणि मग "बाईंना कुणी सांगितलं?" म्हणून त्या बाईला दुप्पट मार. म्हणून निरोप एकालाच जावा, लेखी नोंद कुलपात राहावी, आणि फोडणाऱ्यावर कारवाई व्हावी, हे नियमातच लागेल. पण गाव काही आंधळं नसतं. गावाला आधीच माहीत असतं. माहिती नसते ती फक्त तिचा मुलाला उपयोग करू शकणाऱ्या माणसाकडे.

तिसरी भीती मलाही वाटते. मुलाला पीडित ठरवलं की उद्या एखादा उत्साही अधिकारी म्हणेल, या बाईनं मुलाला अशा घरात ठेवलंच का? आणि मूल उचलून बालगृहात. न्यूयॉर्क शहरात हे झालेलं आहे. आईला मार पडतो, म्हणजे तिनं मुलाकडे दुर्लक्ष केलं, असं धरून तिथे मुलं आयांपासून तोडली गेली. २००२ साली न्यायाधीश जॅक वाइनस्टीन यांनी ते घटनाबाह्य ठरवलं. मार खाणाऱ्या आईलाच शिक्षा, हा उलटा न्याय आपल्याकडे नको असेल तर एक गोष्ट आधी पक्की लिहून ठेवावी लागेल: मुलाचं संरक्षण म्हणजे आईपासून संरक्षण नव्हे.

मग बाहेर कुणी जायचं? आपल्या बैठकांत दोनच पर्याय असतात: तिनं नांदायचं, नाहीतर तिनं माहेरी जायचं. माहेरी भाऊजयीच्या राज्यात दोन लेकरं घेऊन महिनाभर काढता येतो, वर्ष नाही. मुलाची शाळा तुटते, मित्र तुटतात, रोजचं सगळं विस्कटतं, म्हणजे मार दुसऱ्यानं दिला आणि दंड मुलानं भरला. कौटुंबिक हिंसाचाराच्या त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये तिसरा पर्याय जवळपास वीस वर्षांपासून छापलेला आहे. दंडाधिकारी मारणाऱ्या माणसाला घराबाहेर जायचा आदेश देऊ शकतात. घर त्याच्या नावावर असो वा नसो, तिला तिथून हुसकता येत नाही. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी बैठका पाहिल्या, पण "महिनाभर तूच बाहेर राहा, शेतातल्या खोपीत राहा, पोरं हितंच राहतील" असं एकाही पंचाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ऐकायला विचित्र वाटतं ना? तिनं जावं हे विचित्र वाटत नाही.

शाळेत मुलाला मारण्यावर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आली. तेव्हा कुरकुरणारे माझ्या ओळखीचे खूप होते. छडीविना वर्ग कसा चालेल, म्हणायचे. चालतो. घरात मारायला मात्र आपल्या दंडविधानात 'मुलाच्या भल्यासाठी' ही पळवाट पालकांना जुन्या कलम ८९ पासून आहे आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही ती राहिली. स्वीडननं १९७९ साली घरातल्या मारावर बंदी घातली आणि नव्या कायद्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापून घरोघर पाठवली. सकाळच्या न्याहारीला आईबाप आणि मुलं एकच मजकूर वाचत होती. शेजारच्या नेपाळनंही २०१८ मध्ये अशी बंदी आणली. आपल्याला आधी दुधाची पिशवी छापता येईल. तुरुंग नंतर बघू.

एक सावधगिरी मात्र हवी. या मुलांबद्दल बोलताना "बापाच्याच वळणावर जाणार" असं सहज म्हटलं जातं. ज्यांच्या वडिलांनी आईला मारलं, त्या मुलींच्या स्वतःच्या संसारात मार जास्त दिसतो, हे कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून सतत पुढे आलं आहे. तरी ही कुणाची कुंडली नव्हे. अशा घरांतून निघून अतिशय हळुवार बाप झालेले माझे विद्यार्थी मी पाहते. बहुतेकांच्या गोष्टीत कुठेतरी एक मोठं माणूस असतं: एखादी आजी, एखादे पीटीचे सर, रात्री दार उघडणारी शेजारीण. त्यानं फार काही केलेलं नसतं. त्याच्यापाशी गेलं की पुढच्या क्षणी काय होईल, हे मुलाला आधीपासून माहीत असायचं, एवढंच.

त्या दारातल्या मुलाच्या आईनं त्या शनिवारी नांदायचं कबूल केलं. तिसरीत तो पहिल्या पाचांत आला. चौथीच्या दिवाळीनंतर ती दोन्ही मुलांना घेऊन कायमची गेली आणि त्याचे मामा दाखला न्यायला आले. शाळा दोन शिक्षकांची. मुख्याध्यापकाचा कार्यभार माझ्याकडेच होता. अभ्यासातील प्रगतीपुढे मी 'चांगली' लिहिलं, वर्तणुकीपुढे 'उत्तम'. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्याशी पेन थोडा वेळ थांबलं. मामा घड्याळाकडे बघत होते, शेवटची एसटी पाचची होती. मग नेहमी लिहितो तेच लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून', आणि शिक्का मारला.